कडुबाच्या गाडीची बॅटरी

कडुबा हिवराळे हातगाडी ओढतो. जुन्या मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या ठोक बाजारातून, माल उचलायचा आणि दाणागल्लीतल्या दुकानांत पोचवायचा. अंतर नऊशे मीटर. मध्ये एक चढ, एक गटाराचं वर आलेलं झाकण आणि एक चहाची टपरी. चढ आणि झाकण त्याला थांबवत नाहीत. टपरी थांबवते.

गाडी आधी माझी होती. मी अडतीस वर्षं ओढली. गुडघे गेले तेव्हा कडुबाला दिली. तो देवगाव रंगारीहून शहरात आला तेव्हा पहिली दोन वर्षं माझ्या गाडीला मागून रेटा देत होता. त्यामुळे त्याच्या कामाबद्दल मी जे सांगतो ते ऐकीव नाही.

हातगाडी म्हणजे दोन मोठी चाकं, मध्ये लोखंडी आस, वर फळ्या आणि पुढे दोन लांब दांड्या. बघणाऱ्याला वाटतं की जोर दंडात लागतो. दंडात जोर असलेले कितीतरी आले आणि महिन्यात पळाले. जोर भरण्यात आहे. पहिलं पोतं बरोबर आसावर पडलं पाहिजे. माल मागे जास्त झाला तर दांड्या वर उठतात आणि माणूस लोंबकळतो. त्याला उलार म्हणतात. पुढे जास्त झाला तर दांड्या हातावर बसतात आणि संध्याकाळी भाकर मोडता येत नाही. बरोबर भरलेल्या गाडीची दांडी दोन बोटांवर उचलते. कडुबा निघण्याआधी रोज दोन बोटं लावून बघतो. पाच क्विंटल माल आणि दोन बोटं. बोटं जड वाटली तर तो सगळं उतरवतो आणि पुन्हा भरतो. असा हमाल मी दुसरा पाहिला नाही. मी स्वतः तीन बोटं लावायचो.

हमालांचे दोन नियम आहेत. पहिला पाळीचा. काम आलं की ज्याची पाळी त्यानं उचलायचं, मग माल कोणताही असो, दुकानदार कसाही असो. दुसरा नियम असा की ठरल्या जागी उतरवलेला माल त्याच माणसानं त्याच पाळीत पुन्हा चढवायचा नाही. पुढच्या पाळीवाल्यानं चढवायचा. नाहीतर दुकानदार दिवसभर एकाच माणसाला नाचवतात.

इंद्रजीत शेठला हे एकदा कळलं. साखरेची नऊ पोती उतरवून झाली आणि शेठ म्हणाले, "अरे कडुबा, ही समोरच्या गोदामात टाकायची होती."

कडुबा पोत्यावर बसला. "माझी पाळी झाली."

"अरे, दहा पावलांवर तर आहे!"

"दहाच हायत तर तुम्हीच टाका की शेठ. तब्येतीला बरं."

पुढची पाळी येईपर्यंत शेठ पोत्यांजवळ उभे होते. कडुबानं त्यांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला, पण पोत्याला हात लावला नाही.

असा हा माणूस. वय त्रेपन्न. बायको मनकर्णाबाई. ती चढावर मागून रेटा देते, आणि तोंडानंही देते.

गेल्या वर्षी दाणागल्लीच्या तोंडाला बॅरिकेड लागलं. शेजारी हिरव्या पानाचं चित्र असलेला बोर्ड: स्वच्छ हवा पट्टा. गल्लीत पेट्रोल, डिझेल आणि गॅसच्या गाड्यांना बंदी. माल नेण्यासाठी बॅटरीवरच्या सहा लोडिंग रिक्षा आल्या, एक ते सहा नंबर टाकलेल्या. प्रकल्पाची कचेरी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उघडली. खरं सांगायचं तर धूर कमी झाला. टपरीवर बसून मला खोकला यायचा, तो थांबला. ज्यानं हे आणलं त्यानं चुकीचं आणलं असं मी म्हणणार नाही.

बॅरिकेडवर काकासाहेब नावाचा रखवालदार बसला. पूर्वी तो वाळूजला एका कारखान्यात होता, यंत्रं आल्यावर घरी आला. राहायला बजाजनगरात. तिथून रोज सायकलवर येतो, जाऊन येऊन तीस किलोमीटरच्या आसपास. त्याच्याजवळ एक रजिस्टर.

पहिल्या सकाळी कडुबा तुरीची नऊ पोती घेऊन पोचला.

"कडुबा, थांब जरा. गाडी कशावर चालते?"

"माझ्यावर."

"तसा रकाना नाय."

"मंग कोणते हायत?"

"पेट्रोल, डिझेल, गॅस, बॅटरी. पहिल्या तिघांना बंदी. बॅटरीला जाऊ द्यायचं."

"मी धूर सोडतो का?"

"नाय."

"हॉर्न वाजवतो का?"

"नाय रं. पर मी तुला लिहू कुठं? सांग ना. लिहिल्याबिगर सोडायचं नाय असा हुकूम हाय."

काकासाहेबानं चार वेळा फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की हातगाडीचा यादीत उल्लेख नाही, म्हणजे परवानगी नाही. माल बॅरिकेडवर उतरवायचा, तिथून रिक्षा नेतील.

कडुबानं नऊ पोती उतरवली. रिक्षा आल्यावर चालकानं पोती सगळी मागे रचली. पुढचं चाक चढाला हवेत तरंगायला लागलं. कडुबानं ते बघितलं आणि तोंड फिरवलं. चुकीची भरलेली गाडी त्याला बघवत नाही, मग ती कोणाचीही असो.

दुकानदारांनी हिशेब केला की बॅरिकेडवर उतरवून पुन्हा चढवण्यापेक्षा मोंढ्यातूनच रिक्षा बोलवावी. तीन आठवड्यांत अकरापैकी पाच हातगाड्या भिंतीला उभ्या झाल्या. एक जण बांधकामावर विटा वाहायला गेला. एक पैठणला मेहुण्याकडे गेला. रिक्षा हमालांना मिळतील असं आधी कोणीतरी बोललं होतं. मिळाल्या दुकानदारांच्या पुतण्यांना. अर्जाला जी कागदं लागत होती ती पुतण्यांकडे होती.

कडुबाकडे एकच काम होतं, ते दोन बोटांवर तोललेलं. गल्ली बंद म्हणजे त्याचं काम बंद.

कडुबाची वस्ती रेल्वेरुळाच्या पलीकडे. तिथं वर्षभरापासून एक नवा उद्योग सुरू होता. मेलेल्या बॅटऱ्या यायच्या. भंगारवाला फोडायचा, शिसं काढायचा, आम्ल नाल्यात सांडायचा. मनकर्णाबाईनं डब्यात लावलेली कोथिंबीर दोनदा जळाली. तिसऱ्यांदा तिनं लावली नाही.

एका सकाळी कडुबा भंगारवाल्याकडे गेला. बॅटरीचं रिकामं खोकं मागितलं.

"खाली डब्बा क्या करते मामू?"

"गाडीला लावतो."

"गाडी तो हाथ की है!"

"म्हणून तर रिकामा पाहिजे."

मनकर्णाबाईनं ते खोकं बघितल्यावर तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "ज्यानं माझी कोथिंबीर मारली ते घरात आणलं व्हय?" तिनं खोकं तीन पाण्यांनी धुतलं. चौथ्यांदा राखेनं घासलं. तेव्हा कुठं दांड्यांमध्ये तारेनं बांधू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी बॅरिकेडजवळच्या टपरीतच होतो. काकासाहेबानं खोक्याकडे बघितलं. कडुबाकडे बघितलं. कडुबा आभाळाकडे बघत होता.

"हे काय?"

"तुला काय दिसतं?"

"बॅटरी दिसते."

"मंग लिही की."

काकासाहेबानं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग म्हणाला, "मला दिसतं ते मी लिहितो. आत काय हाय ते बघायचं काम मला दिलेलं नाय. नंबर सात. जा."

चढावर गाडी लागली आणि खोकं डबडबडब वाजायला लागलं. काकासाहेब ओरडला, "अय कडुबा! रिकामं वाजतंय! उद्या वजन टाक त्याच्यात! मॅडम कधी उचलून बघतील!"

कडुबानं काळे दगड भरले, बरोबर वीस किलो. वीस किलो फुकटचं ओझं नऊशे मीटर ओढायचं, हे मला पटलं नाही. मी तोंडावर सांगितलं, "कडुबा, आयुष्यात मी एवढा मूर्खपणा केला नाही."

"अप्पा, थांबा जरा," तो म्हणाला.

चार दिवसांनी त्यानं मला गल्लीत नेलं. पहिल्या दुकानात मागची तीन पोती उतरली. गाडी पुढे जड झाली. एरवी अशा वेळी उरलेला माल सरकवावा लागतो, दहा मिनिटं जातात. कडुबानं तार सोडली आणि खोकं दांड्यांमधून मागे आसापर्यंत सरकवलं. दांडी हलकी झाली. पुढच्या दुकानात पुढची पोती उतरली, गाडी उलार झाली, तर खोकं पुन्हा पुढे. आसापासून पाच फुटांवर वीस किलो, म्हणजे दोन फुटांवरच्या एका पोत्याला भारी. मी दोन बोटं लावून बघितली.

अडतीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं नाही. चहा पाजला.

उरलेल्या जागेत, दगडांवर, तो भाकरीचं फडकं ठेवायचा. ऊन लागत नाही, मुंग्या लागत नाहीत.

आता खरी गंमत. बाकीचे पाच हमाल म्हणाले, आम्हीही खोकी लावतो. काकासाहेबानं हात जोडले. "एक मी निभावून नेईन. सहा नाय. माझी पण भाकर हाय रं बाबांनो."

तेव्हा कडुबानं जे केलं ते कोणत्याही हमालानं केलं असतं, कारण आम्हाला दुसरं काही येतच नाही. त्यानं पाळी लावली. गाडी एक, माणसं सहा. एक जण ओढणार, तोवर बाकीचे मोंढ्यात पुढचा माल काढून ठेवणार. गाडी पोचली की भरायला पाच मिनिटं. दुसरा ओढणार. सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत सात नंबरची गाडी एकदाही उभी राहिली नाही. दिवसाला अठरा फेऱ्या, फेरीला साडेचार क्विंटल.

बॅटरीच्या सहा रिक्षांपैकी दोन कायम दुरुस्तीला. चार चालायच्या, त्याही दुपारी तीन तास चार्जिंगला. प्लग एकच, त्यावर भांडणं. वीज गेली की भांडणंही बंद. एकेक रिक्षा सहा फेऱ्या करायची, साडेतीन क्विंटलच्या.

काकासाहेब प्रामाणिक माणूस. एकदा बॅटरी लिहिली ती लिहिली, पण त्यापुढचा एकही आकडा त्यानं खोटा लिहिला नाही. सात नंबर: फेऱ्या अठरा. चार्जिंगच्या रकान्यात आडवी रेघ. दर आठवड्याला हा कागद कचेरीत जायचा. तिथून पुढे कुठं जायचा ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

तीन महिन्यांनी कळलं. प्रकल्पाच्या राजनंदिनी मॅडम दोन पाहुणे घेऊन आल्या. पाहुणे इंजिनिअर होते, बाहेरगावचे. एकाच्या हातात शाल, दुसऱ्याच्या हातात गुच्छ.

मॅडम काकासाहेबाला म्हणाल्या, "सात नंबरचा चालक कुठे आहे? सत्कार करायचा आहे. तीन महिन्यांत एकदाही चार्ज न करता चाललेली गाडी! साहेबांना तिची बॅटरी बघायची आहे."

काकासाहेब खुर्चीतून उठला. परत बसला. माझ्याकडे बघितलं. मी चहात बघितलं.

"येईल," तो म्हणाला. "पाच मिनिटांत येईल. ती थांबतच नाय, मॅडम."

"तेच तर!" पाहुणे म्हणाले.

जाफर गेटच्या बाजूनं गाडी आली. नेमकी कडुबाची पाळी. दांड्यांत कडुबा, मागे मनकर्णाबाई, मध्ये गुळाच्या ढेपा. पाहुणे गाडीच्या मागे बघत राहिले, की तिच्या आडून आता सात नंबर येईल.

"हीच," काकासाहेब म्हणाला. आवाज आजारी माणसासारखा.

पाहुण्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग थोरल्या पाहुण्यांनी विचारलं, "आणि बॅटरी?"

कडुबानं खोक्यावर थाप मारली. मॅडमनी झाकण उघडलं. वर फडकं होतं, फडक्यात दोन भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा. खाली काळे दगड.

"ही बॅटरी?" मॅडम म्हणाल्या.

"व्हय."

थोरले पाहुणे रंगात आले होते. "किती चालते?"

"दोन भाकरीत तीन फेऱ्या," कडुबा म्हणाला.

मागून मनकर्णाबाई म्हणाली, "वांग्याचं भरीत असलं तर चार."

"आणि धूर?"

"बिडी सोडली त्यानं. म्या सोडवली. आता काहीच नाय."

पाहुणे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांची मान लाल झाली होती. त्यांचंही बरोबर होतं. ते आकडे त्यांच्या सहीनं वर गेले होते. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. "काकासाहेब, ही फसवणूक आहे. सात नंबर खोडा. पहिल्या दिवसापासून."

काकासाहेबाचा हात पेनाकडे गेला नाही. त्याला स्वतःचं दिसत होतं. एका यंत्रामुळे तो आधीच घरी बसून आला होता. आता दगडांमुळे बसणार.

कडुबानं दांड्या टेकवल्या. घाम पुसला. "खोडा, मॅडम. चूक माझी हाय, काकासाहेबाची नाय. पर खोडायचं तर वजन पण खोडा. आम्ही सहा जणांनी वाहिलेलं वजन रिक्षांच्या नावावर ठेवू नका. आमच्या पाठीवरचं हाय ते."

मॅडमनी मोबाइलवर आकडे मांडले. मला मांडायची गरज नव्हती. रिक्षांचं दिवसाला चौऱ्याऐंशी क्विंटल, सात नंबरचं एक्याऐंशी. निम्म्याला दीड क्विंटल कमी. खोडलं तर प्रकल्प अर्धा.

थोरले पाहुणे म्हणाले, "पण याने प्रदूषण तर झालेलं नाही."

"साहेब," कडुबानं विचारलं, "रिक्षाची वीज कुठून येते?"

"औष्णिक केंद्रातून, बरीचशी."

"म्हंजी कोळसा?"

"कोळसा."

"मंग आमच्या गल्लीतला धूर दुसऱ्याच्या गावाला पाठवला म्हणा की."

पाहुण्यांनी गुच्छ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मॅडम टपरीच्या ओट्यावर येऊन बसल्या, माझ्या शेजारी. रजिस्टर मांडीवर घेतलं. मग त्यांनी काकासाहेबाकडून पट्टी मागितली आणि बॅटरीच्या पलीकडे एक उभी रेघ मारली. नव्या रकान्यावर लिहिलं: माणूस.

"तीन महिन्यांचा तात्पुरता पास देईन," त्या म्हणाल्या. "गैरप्रकार झाला तर त्याच दिवशी जप्त. किती गाड्या आहेत तुमच्या?"

"अकरा," कडुबा म्हणाला.

"रजिस्टरवर तर एक आहे."

"पाच भिंतीला उभ्या हायत आणि पाच आम्ही उभ्या केल्या. त्या पण धूर सोडत नायत."

मॅडमनी अकरा लिहिलं. मग बोट दाखवलं. "आणि ते खोकं आजच्या आज काढा. आता गरज नाही."

"नाय, मॅडम."

"आता काय?"

कडुबानं त्यांना दांडी उचलायला सांगितली. त्यांनी दोन्ही हात लावले. "दोन बोटं," कडुबा म्हणाला. त्यांनी दोन बोटं लावली आणि चार क्विंटल गूळ बोटांवर आला. मॅडम पहिल्यांदा हसल्या, पण लगेच आवरलं. त्यांना काम होतं. शाल कोणाला द्यायची ते ठरेना, म्हणून ती काकासाहेबाला मिळाली. ऊन चाळीस डिग्री होतं.

इथं गोष्ट संपली असती. पण मनकर्णाबाई मागे उभी होती.

"मॅडम, हे खोकं आणलं कुठून, ते नाय विचारलं."

तिनं सांगितलं. वस्ती, नाला, कोथिंबीर. तुमच्याच रिक्षांच्या मेलेल्या बॅटऱ्या तिथं येतात, चौदा आत्ता पडल्यात, त्यातल्या सहा बॅटऱ्यांवरचा रिक्षाचा नंबर मी स्वतः वाचला. गल्लीत पान काढलंय, आमच्याकडं पान जळतंय.

मॅडमनी नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "हा विषय आमच्या कचेरीकडे येत नाही, मावशी. तुम्ही लेखी द्या."

"लिहायला कशाला पाहिजे?" मनकर्णाबाई म्हणाली. "वस्तूच आणून देते."

मॅडमना वाटलं बाई चिडून बोलली. मी तिला वीस वर्षं ओळखतो. ती खरी चिडली की गप्प बसते.

दुसऱ्या दिवशी पास हातात पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीत होतो. भंगारवाल्याला चौदा बॅटऱ्या फोडून जेवढं सुटलं असतं तेवढं वस्तीनं घरटी थोडं थोडं काढून दिलं होतं. माणसं त्याच्यावर रागावलेली नव्हती, त्याची पोरंही त्याच नाल्याजवळ राहतात. कडुबा मात्र तोंड पाडून उभा. "पास जाईल, अप्पा. दोन दिवस पण झाले नाय."

"जाईल," मी म्हणालो. कारण मलाही तसंच वाटत होतं.

मनकर्णाबाई पुढे आली. तिनं पहिली बॅटरी उचलली. अठ्ठावीस किलो. ती आसावर ठेवली. बरोबर आसावर.

मग कडुबाला राहवलं नाही. त्यानं हातांवर पोतं गुंडाळलं आणि चौदाच्या चौदा भरल्या. सगळ्या सरळ उभ्या, तोंडं वर, मधल्या फटीत राख आणि गवत, वर दोर. तीनशे ब्याण्णव किलो. दोन बोटं लावली. एक बॅटरी काढली, चार इंच पुढे ठेवली. पुन्हा दोन बोटं. मग निघाला. साडेतीन किलोमीटर, एक रेल्वे फाटक, तो चढ. एक थेंब सांडला नाही. मी मागे रिक्षानं होतो, दर चौकात उतरून बघत होतो.

बॅरिकेडवर काकासाहेबानं रजिस्टर उघडलं. गाडी बघितली. शाल त्यानं खुर्चीच्या पाठीला लावलेली होती.

"गाडी कशावर चालते?"

"माणसावर," मनकर्णाबाई म्हणाली. "पर बॅटरी पाहिजे असंल तर आज चौदा हायत. निवडून घे."

"माल कोणाचा?"

"कचेरीचा. घरपोच."

त्यानं लिहिलं. माल: बॅटरी. वजन: तीनशे ब्याण्णव. पोचवायचं ठिकाण: कचेरी. रकाने सगळे भरले. सोडू नये असं काहीच राहिलं नाही.

मॅडम दहाला आल्या तेव्हा कचेरीच्या भिंतीला चौदा बॅटऱ्या ओळीनं उभ्या होत्या, एकीवर जळक्या कोथिंबिरीचा डबा. मनकर्णाबाई पायरीवर बसली होती.

"हे काय आहे?"

"लेखी द्या म्हणालात. मला एवढं लिहिता येत नाय. इथली हवा स्वच्छ हाय, इथं राहू द्या."

मॅडमचा आवाज चढला. "हा गैरप्रकार आहे. पास जप्त करायला हवा मला. कडुबा, हे आत्ताच्या आत्ता चढवा आणि परत न्या."

कडुबा दांड्यांवर बसला. "जमणार नाय, मॅडम."

"का?"

"उतरवलेला माल त्याच माणसानं चढवायचा नसतो. माझी पाळी झाली."

"मग कोणाची आहे?"

कडुबानं गल्लीकडे बघितलं. हमाल जमा झाले होते. पहिला म्हणाला, आज माझी नाय. दुसरा म्हणाला, माझी परवा. तिसरा बोटं मोजत राहिला, मोजून संपेचनात. पैठणहून परत आलेला म्हणाला, मला अजून पाळीत धरलंच नाय.

मॅडमनी रिक्षा बोलावली. चालक लांबूनच म्हणाला, "मेलेल्या बॅटऱ्या? आम्ल सांडलं तर पत्रा जाईल. पुतण्या हाय मी, हमाल नाय."

मॅडम उभ्या राहिल्या. मी कचेरीसमोर उभा राहून त्यांचा चेहरा बघत होतो. त्यांना एकेक कळत गेलं. या बॅटऱ्या हलवणारे शहरात हेच लोक. हलवायच्या तर त्यांना गल्लीत यावं लागणार. गल्लीत यायला पास लागणार. पास जप्त केला तर चौदा बॅटऱ्या कचेरीच्या दारात कायमच्या.

"पाळी कधी येईल?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"ते माल कुठं न्यायचा त्यावर हाय," मनकर्णाबाई म्हणाली. "वस्तीत परत न्यायचा असंल तर लई लांब हाय पाळी. दुसरीकडं कुठं रीतसर जागा असंल तर लवकर येईल."

मॅडम आत गेल्या. फोन सुरू झाले. त्यांचा विषय नव्हता, पण आता त्यांच्या दारात होता. बॅटऱ्यांभोवती वाळू पडली, वर ताडपत्री आली. ज्यानं रिक्षा विकल्या त्यानंच जुन्या बॅटऱ्या परत घ्याव्यात असा कागद निघाला. वाळूजला त्या रीतसर फोडणारा एक कारखाना निघाला. या सगळ्याला तीन आठवडे लागले. कामाच्या मानानं फार आहे. चौदा नग, तीन आठवडे. हमालाला दीड तास लागला होता.

ज्या दिवशी मॅडमनी ठिकाण सांगितलं त्या दिवशी पाळी आली. कडुबाचीच. त्यानं पहिली बॅटरी उचलली, आसावर ठेवली, बाकीच्या तेरा भरल्या, खोकं एक वीत मागे सरकवलं आणि दांडीखाली दोन बोटं लावली. मग मला हाक मारली.

"अप्पा, बघा."

मी दोन बोटं लावली.

"दाबतीय जरा," मी म्हणालो.

दाबत नव्हती. पण एवढ्या वर्षांत मी एकदाही त्याला बरोबर आहे असं म्हटलेलं नाही, आणि मनकर्णाबाई ऐकत होती. त्यानं सगळं उतरवलं आणि पुन्हा भरलं.